तळहाताएवढ्या बाईची कॉलर

छत्तीस वर्षांपूर्वी मी एक पुस्तक लिहिलं. विषय होता जुन्या डच चित्रांमधल्या लेसच्या कॉलरी. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मुलांना सफरचंद आणि सुरई काढायला शिकवणाऱ्या माणसाने डच कॉलरींवर का लिहावं, असं तेव्हा कोणी विचारलं नाही. उलट शाल आणि नारळ दिला. पुस्तकाचं नाव 'गळ्याभोवतीचं चांदणं'. आता ते नाव उच्चारताना मला अंगावर ओली चादर टाकल्यासारखं होतं.

त्या पुस्तकात एक वाक्य आहे. पुढे गावोगावच्या व्याख्यानांत मी ते उजवा हात वर करून म्हणत असे. "त्या भव्य चित्रासमोर उभं राहिलं की मान आपोआप वर जाते, आणि क्रोशाच्या त्या नाजूक विणकामाखाली आपण किती लहान आहोत ते कळतं."

मी त्या चित्रासमोर कधी उभा राहिलो नव्हतो. माझ्याकडे पासपोर्टही नव्हता. जिल्हा वाचनालयात एक जाडजूड इंग्रजी चित्रसंग्रह होता, त्याच्या एका अख्ख्या पानावर ती बाई होती. काळा पोशाख, लाल नाक, आणि ताटाएवढी पांढरी कॉलर. चित्रांची मापं संग्रहाच्या शेवटच्या पानांवर दिली होती. मी शेवटपर्यंत गेलोच नाही.

माझी बायको शोभा हिने तेव्हाच विचारलं होतं, "तुम्ही कधी उभे राहिलात हो?"

मी तिला दाखवून दिलं, की वाक्यात 'मी' हा शब्द कुठेच नाही.

"चोरसुद्धा हातमोजे घालतो," ती म्हणाली, आणि भाजी निवडू लागली.

पण हे खोटं लहान. मोठं वेगळंच आहे, आणि ते नीट सांगण्यासाठीच हे प्रवासवर्णन लिहितो आहे. त्या पुस्तकात जे काही पाहिलेलं होतं, ते मी पाहिलेलं नव्हतं. ते रूथबाई साळव्यांनी पाहिलं होतं.

रूथबाई आमच्या शाळेत शिवण शिकवत. माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या. लहानपणी त्या नगरकडे मिशनच्या बोर्डिंगात होत्या. तिथे एका परदेशी बाईंकडून त्या लेस करायला शिकल्या. गच्च भरलेली उशी, उशीवर टोचलेल्या टाचण्या, आणि दोऱ्यांना लोंबणारी लाकडी बॉबिनं. एका मधल्या सुट्टीत मी तो चित्रसंग्रह त्यांच्यासमोर उघडला. त्यांनी मापाच्या टेपेखालचं भिंग काढलं आणि सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी मान वर केली नाही.

"सर, ही लेस पांढऱ्या रंगाने काढलेलीच नाही," त्या म्हणाल्या. "आधी सगळं पांढरं लावलंय, आणि मग वरून काळी भोकं दिली आहेत. हुशार माणूस. आम्हाला महिना लागतो, याने दुपारी उरकलंय."

मी दोन वर्षं त्यांच्या शिवणवर्गात बसलो. त्या बोलत आणि मी लिहून घेत असे. पुस्तक आलं तेव्हा प्रस्तावनेत मी प्रकाशकाचे, मुख्याध्यापकांचे, छपाईसाठी चित्रांचे ब्लॉक करणाऱ्याचे आणि वाचनालयाच्या शिपायाचे आभार मानले. रूथबाईंचे मानले नाहीत. लोक काय म्हणतील, शिवणाच्या बाईंचं नाव घातलं तर पुस्तक हलकं वाटेल, अशी कारणं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितली. खरं कारण लाजिरवाणं आणि छोटं आहे. शाल एकच होती.

जर्सी सिटी

मुलगा निखिल इथे अठ्ठाविसाव्या मजल्यावर राहतो. खिडकीतून नदी, नदीपलीकडे न्यूयॉर्क. पहिले दोन दिवस मी आणि शोभा त्या खिडकीशी बसून नुसत्या बोटी मोजत होतो. इथे वाण्याकडे जायचं तरी लिफ्टमध्ये चार अनोळखी माणसं "हाय" म्हणतात. आमच्याकडे लिफ्टमध्ये माणसं एकमेकांचे आकडे दाबतात पण तोंड उघडत नाहीत. मी पहिल्या दिवशी प्रत्येकाला उलट "हाय, हाऊ आर यू" विचारून उत्तराची वाट बघत उभा राहिलो. एका बाईंचा मजला त्यात निघून गेला.

निखिलने विचारलं, "बाबा, काय काय बघायचंय? मी लिस्ट करतो. स्टॅच्यू, बिल्डिंग्ज, क्रूझ बुक करू का?"

"एक चित्र बघायचंय," मी म्हणालो. "आणि नोव्हायला जायचंय."

"नोव्हाय? मिशिगन? तिथे काय आहे यार बाबा?"

शोभा तिकडून म्हणाली, "तिथे यांनी छत्तीस वर्षांपूर्वी केलेला पराक्रम आहे."

रूथबाई आता त्यांच्या मुलीकडे, सरोजकडे राहतात. जावई मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. हे मला एका माजी विद्यार्थ्याकडून कळलं. तोच आता माझं पुस्तक नव्याने छापतो म्हणतो. मी त्याला एक अट घातली: पुस्तकावर दोन नावं येतील, आणि रूथबाई हो म्हणाल्या तरच येतील. त्या नाही म्हणाल्या तर पुस्तक परत छापायचं नाही. म्हणजे त्या 'हो'साठी मी पृथ्वी अर्धी ओलांडली होती, आणि निखिल मला क्रूझबद्दल विचारत होता.

बाई सापडतात

संग्रहालयात आम्ही सकाळी पोचलो. पिशवी तपासणाऱ्याने शोभाच्या पिशवीतल्या शेंगदाण्याची चटणी लावून गुंडाळलेल्या पोळ्या बाहेर काढून बघितल्या, हुंगल्या आणि आदराने परत ठेवल्या. आत खायला परवानगी नाही, बाहेर पायऱ्यांवर खा, असं त्याने हातांनी समजावलं. पायऱ्यांवर आधीच शंभरेक माणसं काही ना काही खात बसली होती. मला एकदम नरसोबाच्या वाडीच्या घाटाची आठवण झाली.

डच दालनांत मी दोन तास फिरलो. मान वर करून. भव्य चित्र असल्याने वरच असणार. मान वर करून मी इतक्या कॉलरी पाहिल्या, की मला त्या चहाच्या बश्यांसारख्या दिसायला लागल्या. घडीच्या, चक्रासारख्या, खांद्यावर पडलेल्या. माझी बाई कुठेच नव्हती. शेवटी एका पहारेकऱ्याला मोबाइलमधला फोटो दाखवून विचारलं, "व्हेअर इज धिस बिग पेंटिंग?"

"बिग?" तो म्हणाला, आणि फोटोकडे परत बघू लागला.

तेवढ्यात मागून शोभाचा आवाज आला. गुडघे दुखतात म्हणून ती मघाशीच एका बाकावर बसली होती. "अहो, इकडे या. तुमची बाई इथे आहे. पोस्टकार्डाएवढी."

ती बाकासमोर, छातीच्या उंचीवर होती. जाड काळी चौकट, आणि मध्ये तांब्याच्या पत्र्यावरचं चित्र. मी माझा हात पुढे धरला. बाई अख्खीच्या अख्खी माझ्या तळहातात मावली असती, नाकासकट.

मला शब्द न् शब्द आठवलं. शिवणवर्गात दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी रूथबाई भिंग धरून म्हणाल्या होत्या, "सर, हे चित्र लहान असणार. बघा, एका भोकाला एकच ठिपका आहे, आणि ठिपक्यात ब्रशचा केस दिसतो. मोठं असतं तर इथे दहा फटकारे लागले असते. तळहाताएवढं असेल फार तर." मी तेव्हा हसलो होतो. पुस्तकात एवढं मोठं छापलंय बाई, लहान कसं असेल. आणि घरी येऊन 'भव्य' लिहिलं होतं.

मी खिशातून भिंग काढलं आणि वाकलो. एक भोक, एक ठिपका, ठिपक्यात केसाची रेघ. ब्रशचा केस रंगात तसाच अडकून राहिलेला, चारशे वर्षांचा. मी आणखी वाकलो. त्याबरोबर कुठेतरी पीं पीं पीं सुरू झालं.

"सर, प्लीज स्टेप बॅक," मघाचा पहारेकरी धावत आला. "सर. सर."

"बघा, सर म्हणतोय," शोभा म्हणाली. "शाळा सोडून इतकी वर्षं झाली तरी."

मी दोन पावलं मागे आलो आणि बाकावर बसलो. शोभाने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे रूथबाईंनी सांगितलं होतं का?"

"हो."

"मग नोव्हायला तुम्ही एकटेच जा. मी नाही येत. हे तुमचं तुम्ही निस्तरा."

नोव्हाय

निखिलने विमानतळावर माझ्यासाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. मी रोज पाच किलोमीटर चालतो. पण इथे आपल्याकडची सगळी आईबापं चाकाच्या खुर्चीतूनच ये-जा करतात, कारण ती ढकलणारा माणूस दरवाजा चुकू देत नाही. मी खुर्चीत बसलो आणि पाय दुखत असल्यासारखा चेहरा केला. खोटेपणाची सवय अशी एकदम जात नाही.

सरोज घ्यायला आली होती. शाळेत ती माझ्या वर्गात होती, समोरच्या बाकावर, रंगपेटी कधी न विसरणारी. आता पन्नाशी उलटलेली, हातात मोठ्या गाडीची किल्ली. "सर, सीटबेल्ट," ती म्हणाली. बाहेर झाडं लाल आणि पिवळी झाली होती. घरांना कुंपणं नव्हती. एवढं कुंपणाशिवाय राहणं मला जमलं नसतं. शेजाऱ्याच्या झाडाचं पान आपल्या अंगणात पडलं म्हणून आमच्या गल्लीत बोलणं बंद झालेली दोन घरं आहेत.

"आईला सांगितलंय मी येतोय म्हणून?" मी विचारलं.

"सांगितलंय."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, चहात साखर दोन चमचे लागते त्यांना. मधुमेह झाला असेल तर विचारून घे."

दार सरोजच्या मुलीने, अ‍ॅनाने उघडलं. विशीची, इथेच जन्मलेली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचं तोंड आनंदाने उघडलं.

"ओ माय गॉड. यू आर द क्रोशे काका."

"अ‍ॅना," सरोज मागून दटावून म्हणाली.

"व्हॉट? आजी कॉल्स हिम दॅट."

मी बूट काढत होतो. एक बूट काढून झाला होता, दुसरा तसाच पायात धरून मी उभा राहिलो. छत्तीस वर्षं मी समजत होतो की माझं पाप फक्त मला ठाऊक आहे. इथे ते या घरात टोपणनाव होऊन तीन पिढ्या नांदत होतं.

रूथबाई खिडकीशी खुर्चीत होत्या. पंच्याऐंशी वर्षं, पांढरे केस घट्ट बांधलेले, आणि गळ्यातल्या दोरीला तेच भिंग. म्हणजे तेच असावं. "या, वझे सर," त्या म्हणाल्या. "वजन वाढलंय तुमचं."

मी विमानात चार पानं लिहून आणली होती. क्षमायाचना म्हणून लिहिलेली ती पानं वाचताना माझा आवाज दोनदा भरून आला. तो कुठे भरून यायला हवा, हे मी विमानातच ठरवलं होतं. रूथबाईंनी सगळं ऐकून घेतलं. सरोज दाराशी उभी होती. मी कागद खाली ठेवला आणि वाट पाहिली.

"शेवटच्या परिच्छेदात 'प्रायश्चित्त' तीनदा आलंय," रूथबाई म्हणाल्या. "एकदा पुरे."

"बाई, मी तुमचं नाव घालायला हवं होतं."

"बरं झालं नाही घातलंत. पान अठ्ठावीस आठवतंय का? 'क्रोशाच्या नाजूक विणकामाखाली.' मी तुम्हाला वीसदा सांगितलं होतं, क्रोशा म्हणू नका. त्या बाईच्या काळात क्रोशा नव्हताच, दोन-अडीचशे वर्षांनी आला. तुम्ही म्हणालात, वाचक बायकांना क्रोशा कळतो. त्याखाली माझं नाव छापून आलं असतं तर आमच्या मिशनच्या बाई कबरीतून उठून माझा कान धरायला आल्या असत्या."

सरोज हसली. अ‍ॅना हसली, बहुधा 'क्रोशा' एवढाच शब्द कळून. मीही हसलो. जेवायला सरोजने मटणाचा रस्सा आणि भाकरी केली होती. पीठ आणायला पाऊण तास ड्राइव्ह केला म्हणाली. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. सुटलो, असं वाटत होतं.

पण झोपायला दिलेल्या खोलीत मला आठवलं, की जेवताना मी नव्या पुस्तकावरच्या दोन नावांचं विचारलं होतं, आणि त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी सरोजला रस्सा वाढायला सांगितलं होतं.

दुसरा दिवस

सकाळी रूथबाईंनी मला खिडकीशी बसवलं. टेबलावर उशी होती, टाचण्यांनी भरलेली, आणि तिच्यावर बोटभर रुंदीची पट्टी अर्धवट. "हात थरथरतात म्हणून आता रोज दोन टाचण्याच पुढे जाते," त्या म्हणाल्या. "बसा. क्रोशा आणि ही, यांत फरक काय ते आज हाताने समजून घ्या. उजवं डावीकडून, मग दोन्ही पिळा."

मी मुलांना चाळीस वर्षं हात कसा धरावा ते शिकवलं. चार बॉबिनांनी मला पंधरा मिनिटांत घाम फोडला. उजवं डावीकडून नेताना तिसरं चौथ्यात गेलं, आणि मी ते सोडवायला गेलो तेव्हा दुसरं खाली पडलं. मी कात्रीकडे बघितलं.

"कात्री नाही," रूथबाई म्हणाल्या. "जसे आलात तसंच उलट जायचं. एकेक फेर."

"बाई, वेळ लागेल."

"विमान उद्या आहे ना तुमचं?"

मी उलट जात राहिलो. खिडकीबाहेर एक माणूस यंत्राने पानं फुंकत होता. पानं एका बाजूने गोळा होत आणि वाऱ्याने परत पसरत, आणि तो शांतपणे परत फुंकत असे. मला त्याच्याबद्दल भावासारखं वाटलं.

फेर सुटत आला तेव्हा मी खाली बघतच म्हणालो, "बाई, मी न्यूयॉर्कला ते चित्र बघितलं."

त्यांचे हात थांबले.

"तळहाताएवढं आहे. तुम्ही म्हणाला होता तेवढंच. एका भोकाला एक ठिपका, आणि ठिपक्यात केस."

"दिसला तुम्हाला केस?"

"दिसला. वाकून बघितलं म्हणून घंटी वाजली, पहारेकरी आला."

त्या माझ्याकडे वळल्या. मग विचारलं, "रंग उंच आहे का तिथे? पत्र्यापासून वर आलेला?"

"थोडासा. तिरकं बघितलं की दिसतं."

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे ओले झाले आणि त्यांनी ते भिंगाच्या दोरीने पुसले. माझ्या चार पानांना जे जमलं नव्हतं ते त्या एका केसाला जमलं. क्षमा मागायला आलो होतो, पण त्यांना हवी होती बातमी. छत्तीस वर्षं त्या बाईची कॉलर खरी केवढी आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो गावोगाव हात वर करून 'भव्य' म्हणत हिंडत होता.

"सरोज," त्यांनी हाक मारली, "ते पुस्तक आण."

सरोजने त्यांची प्रत आणली. मीच दिलेली. कव्हर मऊ झालेलं, आत जागोजागी लाल पेनच्या खुणा, मुलींच्या शिवणवह्यांत असत तशा. क्रोशावर तर काट एवढी जोरात मारली होती की पान फाटलं होतं. रूथबाईंनी पुस्तक माझ्या हातात दिलं, गळ्यातलं भिंग काढून त्यावर ठेवलं. म्हणाल्या, "नवं छापायचं म्हणताय ना. मग आधी ही चुकांची यादी उतरवून घ्या. पहिल्या पानापासून. तुम्हाला शेवटपर्यंत जायची सवय नाही, ते मला माहीत आहे."

मी पहिलं पान उघडलं. पुस्तकाचं नाव, खाली माझं नाव. लाल खूण नव्हती. मी उलटणार होतो, पण खिडकीतून ऊन तिरकं येत होतं, आणि माझ्या नावाच्या खाली कागद किंचित वेगळा दिसला. थोडा खरखरीत, थोडा जास्त पांढरा. मी भिंग धरलं. वाकलो. या वेळी घंटी वाजली नाही.

पेन्सिलने काहीतरी लिहिलेलं होतं आणि मग खोडरबराने नीट, कागद फाटणार नाही अशा बेताने पुसलेलं. रंग गेला होता पण पेन्सिलीचा दाब राहिला होता. 'रूथ' वाचता आलं. पुढचं 'साळवे' मी वाचलं नाही, ते मला ठाऊक होतं.

मी मान वर केली. रूथबाई उशीकडे बघत होत्या. सरोज दाराशी होती आणि तिने अ‍ॅनाला आत जायची खूण केली.

मी खिसे चाचपले. चष्म्याच्या डबीत एक आखूड पेन्सिल सापडली, ड्रॉइंग मास्तरांकडे असते ती. मी तिचं टोक त्या पुसलेल्या जागेवर आणलं.

"पेनने लिहा, सर," रूथबाई म्हणाल्या. "पेन्सिलने मी लिहून बघितलंय."